आइसलँडला कॅमेरा घेऊन जायचं, तर जूनमध्ये की मार्चमध्ये?

आइसलँडचा बेत ठरला की आपल्याकडच्या फोटोग्राफर मंडळींत आधी लेन्सची चर्चा होते, मग नॉर्दर्न लाइट्सची. महिना मात्र बहुतेकदा रजा कधी मिळते त्यावर ठरतो. माझ्या मते महिना सगळ्यात आधी ठरवावा. देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, वस्ती चार लाखांच्या आत, मुख्य रस्ता एकच. तरीही तिथला जून आणि तिथला मार्च यांत प्रकाश, रस्ते, पक्षी, कपडे, खर्च असं सगळंच बदलतं. एकदाच जाणं होणार असेल तर हा निर्णय घाईत घेऊ नका.

हिवाळ्यातून मी मार्च निवडला आहे, त्याला कारण आहे. डिसेंबर-जानेवारीच्या जाहिराती जोरात असतात, पण २१ डिसेंबरच्या सुमारास राजधानी रेक्याविकला सूर्य साडेअकराच्या आगेमागे उगवतो आणि साडेतीनला मावळतो. तेवढ्या चार तासांत गाडी चालवायची की फोटो काढायचे? मार्चमध्ये बर्फही असतो, रात्री काळोखही असतो आणि दिवस दहापासून तेरा तासांपर्यंत वाढत गेलेला असतो.

आधी प्रकाश

जूनमध्ये रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पहाटे तीनच्या सुमारास पुन्हा वर येतो. मधल्या वेळात अंधार पडतच नाही. सूर्य खाली जाताना अगदी तिरका सरकतो, त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर वीस-पंचवीस मिनिटांत संपणारा सोनेरी प्रकाश तिथे तासन् तास टिकतो. रात्री दहा ते पहाटे चार ही जूनमधली खरी कामाची वेळ. टूरच्या बस तोवर रेक्याविकला परतलेल्या असतात आणि दुपारी जिथे उभं राहायला जागा नसते, तिथे मोजकीच माणसं उरतात.

पण कुठल्या वेळी कुठे जायचं हे नकाशा बघून ठरवा. सेल्यालान्सफॉस धबधब्याचं तोंड पश्चिमेकडे आहे. जूनमध्ये रात्री दहाच्या पुढे वायव्येकडून येणारं ऊन थेट त्याच्यावर पडतं, आणि धबधब्यामागच्या पायवाटेवरून पाण्याच्या पडद्याआडून सूर्य टिपता येतो. तिथून अर्ध्या तासावरचा ६० मीटर उंचीचा स्कोगाफॉस दक्षिणेकडे बघतो. मध्यरात्री सूर्य त्याच्या पाठीशी असतो, म्हणजे तुषारांतलं इंद्रधनुष्य हवं असेल तर तिथे दिवसा, उन्हात, गर्दीतच जावं लागतं. रात्री मिळते ती एकसारखी मऊ सावली. लांब एक्स्पोजरला ती उत्तम.

मार्चमध्ये दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून फार वर जात नाही. वसंतसंपाताच्या सुमारास तो जेमतेम २६ अंशांवर असतो. त्यामुळे दुपारचा प्रकाश कडक आहे म्हणून कॅमेरा बॅगेत ठेवायची वेळ येत नाही. डोंगरांच्या घड्या दिवसभर उठून दिसतात. शिवाय रोज सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही जागेपणी, माणसाच्या वेळेला मिळतात. मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर हा मुद्दा मोठा आहे. जूनमधली फोटोग्राफी दिवसा झोपणाऱ्यांना साधते, आणि अख्खं कुटुंब तसं झोपायला तयार होत नाही.

अरोराबद्दल स्पष्ट बोलू

जूनमध्ये अरोरा, म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स, दिसत नाही. सौरवादळ कितीही मोठं असो, आकाश काळं झालं नाही तर काही दिसणार नाही. हंगाम साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. दोन्ही संपातांच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सौरवाऱ्याला अनुकूल असते आणि चुंबकीय वादळांची शक्यता वाढते. मार्चची निवड इथेही बळकट होते.

अडचण असते ती ढगांची. आइसलँडच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर अरोराचा नकाशा असतो. त्यात पांढरा भाग म्हणजे निरभ्र आणि हिरवा म्हणजे ढगाळ. नवखी माणसं हिरवा रंग पाहून तिथेच अरोरा दिसणार असं समजतात आणि ढगाखाली रात्र घालवतात. केपी, म्हणजे चुंबकीय हालचालीचा जोर सांगणाऱ्या ० ते ९ आकड्याच्या मागे फार लागू नका. आइसलँड अरोराच्या पट्ट्याखालीच येतं, त्यामुळे केपी २ किंवा ३ असला आणि आकाश मोकळं असलं तरी काम होतं.

डोळ्यांना तो कित्येकदा राखाडी-पांढुरका पट्टा दिसतो. हिरवा रंग कॅमेऱ्यात अधिक गडद येतो. जोराचा अरोरा डोळ्यांनाही हिरवा-गुलाबी दिसतो, पण त्याची हमी कुणी देऊ शकत नाही. तीन रात्रींची सहल काढून अरोराची आशा धरणं म्हणजे पैसे ढगांवर लावणं. मार्चमध्ये जायचं तर किमान सात-आठ रात्री ठेवा.

रस्ते: इथेच बहुतेकांचा निर्णय होतो

बेटाला वळसा घालणारा रिंग रोड सुमारे १,३२२ किलोमीटरचा आहे. जूनमध्ये आठ ते दहा दिवसांत तो सावकाश पुरा होतो: दक्षिणेचे धबधबे, पूर्वेचे फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या), उत्तरेला मीवात्न तळं आणि डेट्टीफॉस धबधबा, परतताना कीर्क्युफेल डोंगर. साधी छोटी गाडी चालते. उजव्या बाजूने चालवायचं, डांबरी रस्त्यावर ताशी ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, हेडलाइट दिवसाही चालूच. एकपदरी पुलांवर जो आधी पोचला त्याला आधी जाऊ द्यायचं.

मात्र जून म्हटलं की सगळं उघडं असतं असं धरून चालू नका. लान्डमानालोइगारच्या रंगीत डोंगरांकडे, आस्क्या ज्वालामुखीकडे जाणारे डोंगराळ भागातले रस्ते, ज्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' अक्षर असतं, बर्फ वितळून वाट कोरडी झाल्यावरच उघडतात. काही जूनच्या उत्तरार्धात, काही जुलै उजाडल्यावर. त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणारी) गाडी कायद्याने बंधनकारक आहे, आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर सहसा कुठलाही विमा ते भरून देत नाही. हे डोंगरच हवे असतील तर जूनऐवजी जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट घ्या. आणि कुठल्याही महिन्यात रस्ता सोडून गाडी मातीत किंवा शेवाळावर घालू नका. दंड जबर आहे, आणि तिथलं शेवाळ पुन्हा वाढायला दशकं लागतात.

मार्चमध्ये थंडी आपण समजतो तेवढी नसते. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपास राहतं. त्रास होतो तो त्यामुळेच: बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि रस्त्यावर काचेसारखा पातळ थर बसतो. त्यात वारा. भाड्याच्या गाडीचं दार उघडताना एका हाताने ते घट्ट धरून ठेवायचं, आणि त्याआधी गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. मागून आलेल्या झोताने दार पूर्ण उलटं फिरून बिजागरी वाकते. आत बसलेल्या सगळ्यांना ही सवय लावा, कारण दार बहुतेकदा मागच्या सीटवरचा माणूस उत्साहात उघडतो. वाऱ्याने झालेलं दाराचं नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा बसत नाही. सही करण्याआधी ते कलम शोधून वाचा. दक्षिण किनाऱ्यावर उडत्या वाळूने रंग खरवडला जातो, त्यासाठी वाळू-राखेचा वेगळा विमा मिळतो. मी तो घेतो.

मार्चमध्ये पूर्ण रिंग रोड करायच्या फंदात पडू नका. उत्तरेचा किंवा पूर्वेचा एखादा घाट दोन दिवस बंद झाला तर परतीचं विमान हुकतं. रेक्याविकपासून विक गाव सुमारे १९० किलोमीटर, तिथून योकुल्सारलोन हे हिमखंडांचं सरोवर जवळपास तेवढंच पुढे. हा दक्षिण किनारा, होफ्न गावापर्यंत, एवढाच टप्पा धरा आणि त्यात रात्री भरपूर ठेवा: विकला दोन, योकुल्सारलोनच्या आसपास तीन, गोल्डन सर्कल या रेक्याविकजवळच्या नेहमीच्या पर्यटनफेरीच्या आसपास एक-दोन. ठिकाणं कमी आणि मुक्काम जास्त, म्हणजे वादळाचा दिवस वाया गेला तरी तीच जागा दुसऱ्या दिवशी हाताशी राहते. गाडी निघण्याआधी रोज सकाळी रस्त्यांची आणि वाऱ्याची सरकारी पानं बघायची, ११२ हे आपत्कालीन ॲप फोनमध्ये ठेवायचं. बर्फात गाडी कधीच चालवली नसेल, तर मार्चमध्ये स्वतः चालवण्याचा हट्ट सोडा आणि वाटाड्यासकट छोट्या गटाची सहल घ्या. पैसे जास्त जातात, पण मला तो खर्च रास्त वाटतो.

जूनचं आणि मार्चचं, ज्याचं त्याचं

जूनची बाजू पक्ष्यांनी भक्कम होते. जगातल्या अटलांटिक पफिनपैकी निम्म्याहून अधिक आइसलँडला घरटी करतात. एप्रिल-मेमध्ये येतात, ऑगस्टच्या मध्याला समुद्रावर निघून जातात. मार्चमध्ये एकही दिसणार नाही. विकजवळच्या दिरहोलाएला ते दिसतात, पण विणीच्या काळात तिथे काही भाग बंद ठेवतात. वेळ असेल तर पश्चिमेचा लाउत्राब्यार्ग कडा किंवा हेइमाए बेट गाठा. तिथे संध्याकाळी पफिन समुद्रावरून घरट्याकडे परततात तेव्हा ३०० मिलिमीटरची लेन्ससुद्धा पुरते. कड्याच्या काठावर मात्र पोटावर झोपून पुढे सरका. पफिन बिळं पोखरतात, त्यामुळे काठाची माती पोकळ असते.

जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ल्युपिनची जांभळी शेतं फुलतात. दिसायला देखणी, पण झाड मूळचं अलास्काचं. जमिनीची धूप थांबवायला विसाव्या शतकात आणलं आणि आता स्थानिक वनस्पतींवर पसरतंय. फोटो काढा, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ती फुललेली असतील असं गृहीत धरू नका.

मार्चची बाजू राखतात त्या वात्नायोकुल हिमनदीतल्या निळ्या गुहा. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा काळ, आणि आत जायचं ते प्रमाणित वाटाड्याबरोबरच. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी आतून वाहतं आणि छत कमकुवत होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेइदामेर्कुरयोकुलवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला होता. मार्चच्या शेवटी गुहा उघडी राहील की नाही हे त्या वर्षाच्या थंडीवर ठरतं, म्हणून पहिला पंधरवडा बरा. आत ट्रायपॉड उभारायला जागा आणि वेळ दोन्ही कमी मिळतात. रुंद लेन्स, आयएसओ ८०० ते १६००, आणि कोपर भिंतीला टेकवून हाताने फोटो.

रेनिस्फ्याराचा काळा किनारा दोन्ही महिन्यांत सारखाच धोकादायक आहे, आणि इथे मी जरा जोर देऊनच लिहितो. शांत दिसणाऱ्या समुद्रातून एखादी लाट अचानक तीसेक पावलं वर चढून येते आणि माणसाला ओढून नेते. इथे अनेक पर्यटकांचे जीव गेले आहेत, मुलांचेही. वाहनतळाजवळ इशारा देणारे दिवे आहेत. लाल असेल तर वाळूवर उतरायचंच नाही. ट्रायपॉड लावून व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातलेला माणूस समुद्राकडे बघत नसतो, म्हणून बरोबरच्या एकाने फक्त लाटांवर नजर ठेवायची. तिथले बेसॉल्टचे षटकोनी खांब पाहताना अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवेल. खडक तोच, लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगाही तशाच. फक्त गिल्बर्ट हिल साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, आणि आइसलँडचा सगळ्यात जुना दगडही दोन कोटी वर्षांच्या आतला.

जिवंत ज्वालामुखीसाठी महिना निवडता येत नाही. २०२१ साली फाग्राडाल्सफ्यात्लचा लाव्हा सहा महिने वाहत होता आणि लोक चालत जाऊन बघत होते. त्यानंतर ग्रिंडाविकजवळ डिसेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२५ दरम्यान नऊ उद्रेक झाले. गाव नोव्हेंबर २०२३ मध्येच रिकामं करावं लागलं होतं. उद्रेक चालू असेल तर नागरी संरक्षण विभागाने आखलेल्या वाटेनेच जा आणि वाऱ्याची दिशा बघा, कारण सल्फर डायऑक्साइड दिसत नाही. उद्रेक दिसेल म्हणून तिकीट काढू नका.

कॅमेऱ्याचं काय

पावसाळी ट्रेकचा पोंचो इथे शिडासारखा फुगतो; जॅकेट आणि पँट दोन्ही जलरोधक हवेत, छत्री घरी ठेवा. हे जूनलाही लागू आहे, कारण तिथला जून म्हणजे दहा-बारा अंश आणि कधीही पाऊस. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय रुंद पसरा. मार्चमध्ये बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे अत्यावश्यक. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. रात्री खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत बाष्प धरतं. अरोरासाठी एफ २.८ ची रुंद लेन्स, आयएसओ १६०० ते ३२००. पट्टा संथ असेल तर आठ-दहा सेकंद, नाचत असेल तर दोन-तीनच. जूनमध्ये हे काही लागत नाही, पण प्रकाश कमी करणारा गडद एनडी फिल्टर आणि लेन्स पुसायची पाच-सहा कोरडी फडकी हवीतच.

दोन दृश्यं दोन्ही महिन्यांत तितकीच चांगली मिळतात. स्ट्रोक्कूर हा गरम पाण्याचा फवारा दर काही मिनिटांनी उसळतो. सगळे उंच फवाऱ्याचा फोटो घेतात. त्याच्या आधीचा क्षण बघा. पाणी दोनदा श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं, आणि मग फुटण्याआधी निळा, पारदर्शक घुमट फुगून येतो. तो सेकंदभरही टिकत नाही. शटर १/१००० सेकंदावर, सलग फोटोंचा मोड, आणि वारा पाठीशी घेऊन उभं राहायचं, म्हणजे वाफ विरुद्ध बाजूला जाते.

दुसरं दृश्य योकुल्सारलोनसमोरच्या काळ्या वाळूवर अडकलेल्या हिमखंडांचं. लाट खंडाभोवतून समुद्राकडे परतायला लागली की शटर दाबा, अर्धा ते एक सेकंद. पाण्याच्या पांढऱ्या रेघा उमटतात. लाट येत असताना घेतलात तर नुसता फेस दिसतो. बर्फ किती येईल ते भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर आहे, म्हणून तिथे दोन सकाळी तरी हव्यात. मुक्कामी परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

ड्रोन न्यायचा असेल तर राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. थिंगवेत्लिर आणि वात्नायोकुल दोन्ही त्यात आले.

व्हिसा, पैसे, जेवण

आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतातून थेट विमान नाही. कोपनहेगन, फ्रँकफर्ट अशा शेंगेनमधल्या विमानतळावरून जाणं सोपं. लंडनमार्गे जाणार असाल तर ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम तिकिटाआधी बघा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जूनसाठी उन्हाळ्याच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, मार्चसाठी बरंच सुटसुटीत. राहणं आणि गाडी दोन्ही जूनमध्ये महाग आणि लवकर संपणारी. मार्चमध्ये गाडी स्वस्त पडते, पण वाचलेले पैसे गुहेच्या सहलीत आणि चांगल्या टायरच्या गाडीत जातात. एकूण खर्चात मला फार मोठा फरक दिसत नाही.

जेवणाचं दोन्ही महिन्यांत सारखंच: बाहेर खाणं खूप महाग. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून भाजी, ब्रेड, स्कीर (तिथला दह्यासारखा पदार्थ) आणा, उपमा-पोह्यांची पाकिटं घरून न्या. शाकाहारी माणसाची रेक्याविकबाहेर यानेच सोय होते. पाणी नळाचं प्या. गरम नळाला गंधकाचा वास येतो, तो पिऊ नका. पेट्रोल पंप बरेचदा माणसाविना असतात, पिन असलेलं कार्ड जवळ हवं.

मग कुणी कधी जावं?

घरातल्या सगळ्यांना घेऊन, स्वतः गाडी चालवत, पहिल्यांदाच जात असाल तर जून. शाळा सुरू होण्याआधी परतायचं म्हणून पहिल्या पंधरवड्यात गेलात तरी पफिन, रिंग रोड आणि न संपणारी संध्याकाळ पदरात पडते; ल्युपिन आणि डोंगराळ रस्ते मात्र सोडून द्यावे लागतील. मे महिना त्याहून फिका. गवत अजून पिवळं असतं आणि अरोराचा हंगाम संपलेला असतो.

एकटे किंवा दोघं-तिघं कॅमेरावाले जात असाल, एका जागी तीन-तीन रात्री थांबायची तयारी असेल आणि एखादा दिवस खोलीत बसून वादळ ओसरायची वाट बघणं जमत असेल, तर बेलाशक मार्च. फोटोंच्या दृष्टीने मी मार्चलाच झुकतं माप देतो. बर्फाने निम्मा तपशील झाकला गेला की चौकटीत काळा खडक, पांढरा उतार आणि आकाश एवढंच उरतं, आणि रचना जमू लागते.

दोन्हीतलं थोडं थोडं हवं असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. काळोख परतलेला असतो, अरोरा सुरू झालेला असतो, डोंगराळ रस्ते बहुतेक अजून उघडे असतात आणि शरदात रंग बदलणारी झुडपं लालसर होतात. पफिन आणि निळ्या गुहा नसतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना अरोरा मिळू शकतो, पण तोवर दिवस आखूड झालेला असतो आणि जमिनीवर बर्फ असेलच असं नाही. त्या आठवड्यासाठी दक्षिण किनाऱ्यापलीकडचा बेत आखू नका.